आपण आर्थिकदृष्ट्या सुस्थितीत आहोत हे कशावरून ओळखायचं?

पुण्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्या ३६ वर्षांच्या, नवरा ३९. दोघंही खासगी नोकरीत. नवऱ्याचे ९८ हजार आणि त्यांचे ७२ हजार, असे महिन्याला १ लाख ७० हजार हातात येतात. २०२१ मध्ये ५० लाखांचं कर्ज काढून फ्लॅट घेतला, गाडीचं कर्जही चालू आहे. तळेगावजवळ एनए (बिगरशेती) प्लॉट, चार विमा पॉलिसी, दोघांचा पीएफ आणि बचत खात्यात अडीच लाख. मुलगी चौथीत, सासू-सासरे साताऱ्याकडे गावी. सगळ्याची बेरीज केली तर कागदावर दीड कोटीच्या आसपास जाते आणि नातेवाईक म्हणतात, तुमचं काय बाई, तुम्ही सेटल आहात. ताई विचारतात, "मग मला रात्री झोप का लागत नाही? आम्ही सुस्थितीत आहोत का, आणि तसं असायला नेमके किती पैसे लागतात?"

ताई, तुमची काळजी खोटी नाही. मी आधी एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात होतो, आता कुटुंबांचे हिशेब बघून सल्ला देतो. दोन्ही कामांत एक गोष्ट सतत पाहिली. माणसं कमी कमाईमुळे अडचणीत येतात हे खरं, पण चांगली कमाई आणि भरपूर मालमत्ता असलेली घरं मोडताना पाहिली ती बहुतेक वेळा घाईमुळे. त्यामुळे माझी कसोटी अशी आहे: ज्या घराला काहीही घाईने विकावं लागत नाही आणि घाईने कर्ज काढावं लागत नाही, ते घर सुस्थितीत. पगार किती आणि प्लॉट किती हे त्यानंतर.

घाईची किंमत फार मोठी असते. शांतपणे विकलेल्या जमिनीला बाजारभाव मिळतो. "आठ दिवसांत पैसे पाहिजेत" म्हणून विकायला काढली की समोरच्याच्या हातातल्या रोख रकमेइतकाच तिचा भाव होतो. पारंपरिक विमा पॉलिसी सुरुवातीच्या वर्षांत मोडली तर भरलेल्या हप्त्यांतला मोठा भाग बुडतो. क्रेडिट कार्डची थकबाकी पुढे ढकलली तर महिन्याला ३ ते साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ३६ ते ४२ टक्के व्याज लागतं. भावकीत हात पसरावा लागला तर व्याज लागत नाही, पण पुढची दहा वर्षं प्रत्येक लग्नात ते ऐकावं लागतं. मुदत ठेव मोडली तर साधारण एक टक्का दंड, म्हणजे सगळ्यात स्वस्त सुटका तीच. पण अडचणीच्या वेळी मोडायला ठेव असणारी घरं कमी आणि विकायला प्लॉट असणारी घरं जास्त असतात.

दोन घरं सांगतो. एक कारखानदार, औद्योगिक वसाहतीत स्वतःचं वर्कशॉप, दोन प्लॉट, गावाकडे बागायत जमीन. सगळं धरून तीन-चार कोटींचा माणूस. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, मोठ्या कंपनीकडचं येणं अडकलं, त्यातच वडिलांना हृदयविकाराचा झटका आला. पंधरा दिवसांत पैसा उभा करायचा होता, म्हणून बागायतीतली एक एकर शेजाऱ्यानेच घेतली, आणि तीही शेजाऱ्याने ठरवलेल्या भावाने. दुसरं घर जिल्हा परिषदेतल्या एका कारकुनाचं. बायको शिवणकाम करते, राहायला दोन खोल्या, बाकी मालमत्ता काहीच नाही. पण आठ महिन्यांचा खर्च ठेवीत आणि आरोग्य विमा चालू. मुलाला मोटारसायकलवर अपघात झाला, दोन शस्त्रक्रिया झाल्या, आणि घरातली एक वस्तूही हलली नाही. गावात श्रीमंत म्हणून पहिल्याचं नाव घेतलं जातं. सुस्थितीतलं घर म्हणून मी दुसरं दाखवीन.

आता तुमचं घर मोजू. तुम्ही पाठवलेल्या आकड्यांतून टाळता न येणारा खर्च काढला. घराचा हप्ता ४३ हजार, गाडीचा १४, किराणा-दूध-भाजी-गॅस १८, शाळा आणि बस १२, सोसायटीचा मेंटेनन्स, वीज आणि मोबाइल मिळून ८, पेट्रोल ७, गावी पाठवता ते ८. झाले १ लाख १० हजार. हॉटेल, कपडे, सहली यात धरलेल्या नाहीत, कारण त्या थांबवता येतात. दोन-तीन दिवसांत हातात येईल असा पैसा तुमच्याकडे अडीच लाखांचा. म्हणजे दोन्ही पगार थांबले तर तुमचं घर सव्वादोन महिने चालतं. दीड कोटीची बेरीज आणि सव्वादोन महिने, यांच्यातल्या अंतरामुळे तुम्हाला झोप लागत नाही.

या मोजणीत प्लॉट धरायचा नाही, कारण तो मंगळवारी विकायला काढला तर शुक्रवारी पैसे येत नाहीत. पीएफ धरायचा नाही, तो म्हातारपणाचा आहे. राहतं घर तर नाहीच. सोनं मी अर्ध्या किमतीने धरतो, कारण दागिना मोडताना घडणावळ जाते आणि घरातल्या बाईचा जीव त्यात अडकलेला असतो, त्याचीही किंमत मी मोजतो.

किती महिने हवेत हे घरागणिक बदलतं. दोघं सरकारी नोकरीत असतील तर तीन महिने पुरेत. खासगी नोकरीत सहा. धंदा असेल तर वर्षभराचे, कारण धंद्यात उत्पन्न थांबतं त्याच वेळी देणी वाढतात. कोरडवाहू शेती असेल तर पुरे दोन हंगाम निघतील इतकं धान्य आणि पैसा हवा. एक खरीप गेला की माणूस रब्बीच्या भरवशावर कर्ज काढतो, आणि दुसरा हंगाम गेला की सावकाराच्या दारात उभा राहतो. तुमच्यासाठी सहा महिने, म्हणजे ६ लाख ६० हजार.

हा पैसा कुठे ठेवायचा? व्याजाचा विचार इथे दुय्यम आहे. बचत खातं, त्याला जोडलेली मुदत ठेव, थोडा लिक्विड फंड (दोन-तीन दिवसांत पैसे परत मिळणारा म्युच्युअल फंड), आणि निदान दोन वेगवेगळ्या बँका. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह (पीएमसी) बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले तेव्हा खातेदारांना सुरुवातीला फक्त १ हजार रुपये काढता येत होते. ती मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढली, पण पूर्ण पैशासाठी लोक वर्षानुवर्षं थांबले. तेव्हा ठेवींवरचं विमा संरक्षण १ लाखाचं होतं, ४ फेब्रुवारी २०२० पासून ते ५ लाख झालं. लक्षात ठेवा, हे ५ लाख एका माणसाचे एका बँकेतले, सगळ्या शाखा मिळून आणि व्याज धरून. एकाच बँकेच्या तीन शाखांत पाच-पाच लाख ठेवून निश्चिंत राहिलेले सज्जन लोक मी पाहिले आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हाही शाखांबाहेर अशाच रांगा होत्या. सहकारी बँकांविषयी मला आस्था आहे, माझी उमेदीची वर्षं तिथेच गेली. पण घराचा आपत्कालीन पैसा एका टोपलीत नको.

आता घराचं कर्ज. यावर जास्त बोलतो, कारण पुण्या-मुंबईतल्या बहुतेक घरांची सुस्थिती इथेच अडकलेली असते.

बँक तुमची पात्रता काढते तेव्हा उत्पन्नाच्या पन्नास-साठ टक्क्यांपर्यंत हप्ते चालतात असं धरते. मी त्या टेबलाच्या पलीकडे बसलेलो आहे. तिथे बघितलं जातं ते बँकेचा हप्ता येईल की नाही एवढंच. मुलीची फी, सासऱ्यांची औषधं, तुमचं बाळंतपण, नवऱ्याची बदललेली नोकरी हे त्या तक्त्यात नसतं. म्हणून "बँकेने साठ लाख मंजूर केले" याचा अर्थ "आपल्याला साठ लाख झेपतात" असा कुणीही घेऊ नये. दोघं कमावत असतील तर सगळे हप्ते आणि किराणा दोघांपैकी लहान पगारात बसला पाहिजे, असा माझा नियम आहे. तुमचा पगार ७२ हजार, आणि हप्ते अधिक किराणा होतात ७५ हजार. थोडक्यात हुकलं आहे. गाडीचं कर्ज संपलं की ६१ हजारांवर येईल आणि बसेल. म्हणजे तुमचं घर धोक्यात नाही, फक्त काठावर आहे.

२०२१ मध्ये साडेसहा टक्क्यांनी कर्ज मिळालं तेव्हा सगळ्यांनाच ते स्वस्त वाटलं होतं. ५० लाख, २० वर्षं, साडेसहा टक्के, हप्ता ३७,२७९ रुपये. मग मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो) ४ टक्क्यांवरून साडेसहावर गेला आणि तुमचा व्याजदर ९ च्या आसपास. हिशेबासाठी असं धरू की दीड वर्ष हप्ते भरल्यावर दर एकदम ९ झाला. तेव्हा मुद्दल उरलं होतं सुमारे ४८ लाख ८ हजार. त्यावर ९ टक्क्यांनी महिन्याचं व्याज ३६ हजारांच्या वर. हप्ता तोच ठेवला तर मुद्दलात जातात फक्त बाराशे रुपये, आणि साडेअठरा वर्षांचं उरलेलं कर्ज ३८ वर्षांचं होतं. म्हणूनच बँकेने तुमचा हप्ता वाढवून ४३ हजारांवर नेला. पुष्कळ लोकांचा हप्ता वाढला नाही, मुदत वाढली, आणि त्यांना ते समजलंही नाही, कारण खात्यातून जाणारी रक्कम तीच होती. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे निवडायची संधी कर्जदाराला द्यायला हवी. ती संधी मागून घ्यावी लागते. शाखेत जाऊन परतफेडीचा ताजा तक्ता मागा आणि शेवटच्या हप्त्याची तारीख बघा. ती तारीख नवऱ्याच्या निवृत्तीनंतरची असेल तर तुम्ही आताच बोलायला हवं.

फेब्रुवारी २०२५ पासून रेपो दर खाली आला, डिसेंबर २०२५ मध्ये सव्वापाच झाला. अशा वेळी बँक हप्ता कमी करून देते आणि माणूस खूश होतो. तसं करू नका. हप्ता तोच ठेवा, मुदत घटू द्या. शिवाय फ्लोटिंग (बदलत्या) दराच्या घरकर्जाला आगाऊ परतफेडीचा दंड लागत नाही, हे अजूनही कित्येकांना माहीत नसतं.

टाळेबंदीच्या काळातली हप्त्यांची सवलत आठवत असेल. मार्च ते ऑगस्ट २०२० असे सहा महिने हप्ता न भरण्याची मुभा होती. पण व्याज थांबलं नव्हतं. ५० लाखांच्या कर्जावर साडेआठ टक्क्यांनी सहा महिन्यांत २ लाख १२ हजारांहून जास्त व्याज चढत होतं. ज्यांच्याकडे सहा महिन्यांचा पैसा होता त्यांनी सवलत घेतली नाही. ज्यांना घ्यावी लागली त्यांना ती फुकट पडली नाही.

दवाखान्याकडे वळतो. घाईने विकायची वेळ आणणारं सर्वांत मोठं कारण आजार आहे, यात मला शंका नाही. तुमच्या दोघांच्या कंपन्यांचा आरोग्य विमा आहे म्हणता, पण नोकरी सुटली की तो बहुतेक वेळा त्याच दिवशी संपतो, आणि चाळिशीनंतर मधुमेह निघाल्यावर नवीन विमा घ्यायला गेलात तर आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून स्वतःचा कौटुंबिक विमा तब्येत ठणठणीत असतानाच घ्यायचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला आहे, तेवढा हप्ता हलका झाला.

घेताना एक कलम नीट वाचा, खोलीच्या भाड्याच्या मर्यादेचं. ५ लाखांच्या विम्यात रोजचं भाडं एक टक्का, म्हणजे ५ हजारांपर्यंत, असं लिहिलेलं असतं. तुम्ही १० हजारांची खोली घेतली तर फरक फक्त भाड्याचाच द्यावा लागेल असं वाटतं. तसं होत नाही. डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचा खर्च, नर्सिंग, हे सगळं त्याच प्रमाणात कापलं जातं. बिल ४ लाखांचं असेल तर हातात अडीच लाखसुद्धा पडतीलच असं नाही, आणि हे समजतं ते डिस्चार्जच्या काउंटरवर. तिथूनच मग सोनाराकडे जावं लागतं. खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी थोडी महाग पडली तरी तीच घ्या.

सासू-सासऱ्यांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना बघा. आता ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी आहे आणि संरक्षण वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे, ठरलेल्या आजारांसाठी आणि यादीतल्या रुग्णालयांत. सासरे सत्तरीचे झाले असतील तर आयुष्मान भारतचं ज्येष्ठांचं कार्डही निघतं, उत्पन्नाची अट नाही. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा त्यांची आधार कार्डं घेऊन कार्डं काढून या, आणि साताऱ्यातली कोणती रुग्णालयं यादीत आहेत ते आत्ताच लिहून ठेवा. रात्री दोन वाजता ती यादी कुणी शोधत नाही.

आयुर्विम्याबद्दल थोडक्यात. तुमच्या चार पॉलिसींचं मिळून विमाछत्र १२ लाखांचं आहे आणि त्यासाठी वर्षाला १ लाख रुपये भरता. नवऱ्याचं काही बरंवाईट झालं तर तुमचं घर त्या १२ लाखांत जेमतेम ११ महिने चालेल, कर्ज डोक्यावर राहीलच. दोघांनीही साधा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणारा) घ्यावा, नवऱ्याचा दीड कोटीचा, तुमचा एक कोटीचा. तुमचाही, कारण तुमच्या ७२ हजारांशिवाय ते घर उभं राहत नाही. नवऱ्याची पॉलिसी घेताना १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली नोंदवायला सांगा. फॉर्मवर एक खूण आणि एक वेगळा कागद, एवढंच. मग ती रक्कम बायको-मुलांची होते, नवऱ्याला कर्ज दिलेल्यांना त्यावर हात टाकता येत नाही. धंदा करणाऱ्यांच्या घरात हे केलेलं असावंच.

यापुढचा भाग मला सगळ्यात जास्त तळमळीने सांगायचा आहे, कारण इथे पैसा असूनही माणसं कर्ज काढतात.

नवरा जातो. बँकेत पैसे, म्युच्युअल फंड, शेअर, पीएफ, सगळं आहे. पण लग्नाआधी भरलेल्या कागदांवर कुठे आईचं नाव, कुठे भावाचं, कुठे रकाना कोरा. मोबाइलचा पासवर्ड माहीत नाही, म्हणून ओटीपी बघता येत नाही. वारसाचं प्रमाणपत्र मिळायला महिने जातात. शाळेची फी मात्र जूनमध्येच भरायची असते. चाळीस लाखांची मालकीण असलेली बाई भावाकडून उसने घेते. अशा घरी बसून मी कागदांचे गठ्ठे लावले आहेत, आणि त्या बायकांचे चेहरे माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. हे घर सुस्थितीत होतं असं कुणी म्हटलं तर मी मानणार नाही.

नामनिर्देशन केलं, म्हणजे नॉमिनीचं नाव लावलं, की काम झालं, हा गैरसमज घरोघरी आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८३ मध्ये विम्याच्या एका प्रकरणात आणि डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सच्या प्रकरणात सांगितलं आहे की नामनिर्देशित व्यक्ती पैसे स्वीकारते, मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते. (विम्यात २०१५ पासून आई-वडील, जोडीदार आणि मुलं यांना नामनिर्देशित केलं असेल तर लाभ त्यांचाच, असा बदल झाला आहे.) हाउसिंग सोसायटीच्या फ्लॅटचंही तेच: सोसायटी नामनिर्देशिताच्या नावे हंगामी सभासदत्व देऊ शकते, पण फ्लॅट वारसांचा. म्हणून दोन्ही करा, नामनिर्देशनही आणि मृत्युपत्रही. मृत्युपत्र साध्या कागदावर, हाताने लिहिलेलं चालतं, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही. चाळिशीत मृत्युपत्र म्हटलं की सासूबाईंना अपशकुन वाटेल. त्यांना वाटू द्या, पण तुम्ही लिहा.

आणखी एक. घरातला एकच माणूस सगळे व्यवहार सांभाळत असेल तर ते घर अर्धंच सुस्थितीत आहे. तुम्ही कमावत्या आहात, तरी प्लॉट कुणाच्या नावावर आहे हे तुमच्या प्रश्नात नाही, आणि ते मला खटकलं. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे का, डीमॅट खातं कुठे आहे, लॉकर कुणाला उघडता येतो, हे तुम्हाला आजच्या आज सांगता आलं पाहिजे. माहेरच्या वडिलोपार्जित शेतीतही २००५ च्या दुरुस्तीने मुलींचा जन्मसिद्ध हक्क आहे आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पक्का केला आहे. हक्क घ्यायचा की भावाला सोडायचा हा तुमचा निर्णय. पण दुय्यम निबंधकासमोर हक्कसोडपत्रावर सही करण्यापूर्वी आपण काय सोडतोय ते कळू द्या. रक्षाबंधनाच्या आदल्या आठवड्यात घाईघाईत झालेल्या सह्या मी पाहिल्या आहेत. आणि हो, तुमच्या वडिलांची एखादी जुनी विसरलेली ठेव असेल असं वाटत असेल तर रिझर्व्ह बँकेच्या उद्गम संकेतस्थळावर नाव टाकून बघता येतं.

म्हातारपणाबद्दल एकच हिशेब देतो. आज हप्ते आणि शाळा सोडून तुमच्या दोघांचा खर्च ४५ हजार धरला आणि महागाई वर्षाला ६ टक्के, तर नवरा साठीचा होईल तेव्हा तोच खर्च दीड लाखाच्या वर गेलेला असेल. खासगी नोकरीत पीएफबरोबर जी पेन्शन मिळते तिची गणना १५ हजारांच्या पगारावर होते. ३५ वर्षं नोकरी केली तरी महिन्याला साडेसात हजार. बाकीचं स्वतः उभं करावं लागतं. ते केलं नाही तर सत्तरीत राहतं घर विकून मुलीकडे जाण्याची वेळ येते, आणि तीही घाईचीच विक्री.

आता "किती पैसे लागतात" याचं उत्तर. सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीनुसार देशातल्या शहरी माणसाचा महिन्याचा सरासरी खर्च ६,९९६ रुपये होता, ग्रामीण भागात ४,१२२. चार माणसांचं सरासरी शहरी घर २८ हजारांत चालतं. म्हणजे तुमच्यापेक्षा कमी उत्पन्नाची घरं किती आहेत याची कल्पना येईल, आणि त्यांतलीही काही घरं माझ्या कसोटीला उतरतात. उत्पन्नाचा अमुक आकडा मी सांगू शकत नाही. महिन्यांचा सांगतो.

पण उत्पन्नाने काहीच फरक पडत नाही असं मात्र मी कधीच म्हणणार नाही. ज्या घरात महिन्याला पंधरा हजार येतात तिथे सहा महिन्यांची शिल्लक सांगणं क्रूरपणाचं आहे. त्यांच्यासाठी सुरुवात दहा हजारांपासून होते, कारण अडीअडचणीची पहिली चणचण बहुतेक वेळा तेवढ्याचीच असते: एक ताप, एक मोडलेला पंप, शाळेचे कपडे. बचत गटातून कमी व्याजाने मिळणारे पाच हजारसुद्धा सावकारापासून वाचवतात. तुमच्याकडे काम करणाऱ्या मावशींचं बँकेत खातं असेल, तर त्यांना बरोबर घेऊन जा आणि दोन फॉर्म भरून द्या. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख. आणि वय पन्नासच्या आत असेल तर प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना, वर्षाला ४३६ रुपये, कुठल्याही कारणाने मृत्यू झाला तरी २ लाख. मिळून ४५६ रुपये, हे दरवर्षी तुम्हीच भरा.

आता तुमच्यासाठी माझा सल्ला. प्लॉट विका, आणि आत्ता विका, कारण आत्ता तुम्हाला घाई नाही.

नवऱ्याला हे पटायला जड जाईल. गावाकडून आलेल्या माणसाने पहिल्या पगारातून साठवून घेतलेली जमीन असते, ती विकणं म्हणजे मागे जाणं वाटतं. त्यांच्या भावनेचा मान ठेवून हा हिशेब त्यांच्यासमोर मांडा. २०१६ मध्ये ९ लाखांना घेतलेला प्लॉट आज २५ लाखांचा आहे असं एजंट सांगतो. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या जमिनीवर दोन पद्धतींपैकी कमी येईल तो कर भरता येतो: महागाई निर्देशांक न लावता (म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे न वाढवता) साडेबारा टक्के, किंवा लावून २० टक्के. तुमच्या बाबतीत पहिल्या पद्धतीने २ लाख होतात, दुसऱ्या पद्धतीने २०२५-२६ च्या निर्देशांकाने जवळजवळ २ लाख ४४ हजार, सेस वेगळा. म्हणजे पहिली पद्धत. हातात राहतात २३ लाखांच्या आसपास. त्यातले ४ लाख आपत्कालीन पैशात घाला, तो साडेसहा लाखांवर जाईल. ३ लाखांत गाडीचं कर्ज मिटवा, म्हणजे हप्ते अधिक किराणा तुमच्या एकटीच्या पगारात बसेल. १० लाख घरकर्जात भरा. बाकी असलेलं ४६ लाखांचं कर्ज ८ टक्के दराने ४३ हजारांच्या हप्त्यात सुमारे १८८ महिने चालणार होतं, ते १२३ महिन्यांवर येईल. जवळजवळ साडेपाच वर्षं वाचली. उरलेले ६ लाख तुमच्या निवृत्तीसाठी, मुलीच्या शिक्षणासाठी नव्हे. शिक्षणाला कर्ज मिळतं, म्हातारपणाला मिळत नाही.

विकायला काढण्यापूर्वी सातबारा, एनए आदेश, मोजणीचा नकाशा आणि खरेदीखताची प्रत एका फाइलमध्ये लावा, वकिलाकडून टायटल शोध अहवाल काढून घ्या. फाइल पूर्ण असली की खरेदीदार भाव पाडायला कागदांची त्रुटी पुढे करू शकत नाही. तीन एजंटांना सांगा, एकाला एकहाती देऊ नका. पहिला माणूस १९ लाख म्हणेल. त्याला चहा द्या आणि नाही म्हणा. वर्षभर लागलं तरी थांबा. रोखीतली रक्कम दाखवून दस्तात कमी किंमत लिहायचा प्रस्ताव येईल, तोही नाकारा: स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो. आणि आलेली रक्कम दोघांच्या संयुक्त खात्यात जमा करा.